पर्मनंटवाल्यांची युनियन

गेल्या महिन्यात एका दुपारी दाराची बेल वाजली. सुनेने मोबाइलवरून मागवलेला किराणा घेऊन एक जण उभा होता. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर चौकोनी पिशवी आणि तीन मजले चढून आल्यामुळे लागलेली धाप. सामान हातात देऊन तो वळला आणि जिन्याशी थांबला. "तुम्ही गिअर शॉपला होता ना? मी गंगाखेड." क्षणभर मला उलगडा झाला नाही. त्याने हेल्मेट काढले, तेव्हा भुवईवरची जुनी खूण दिसली आणि ओळख पटली. भोसरीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर तो साडेतीन वर्षे उभा होता. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडहून आला म्हणून शॉपमध्ये सगळे त्याला गंगाखेडच म्हणत असत. मी त्याला आत बोलावून पाणी दिले. तांब्या अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "काका, करार झाला तेव्हा तुम्ही मला पेढा दिला होता. माझ्या लक्षात आहे." मला ते आठवत नव्हते. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, की एका फेरीचे किती मिळतात, आणि कंपनीने दर कमी केला तर तुम्हा मुलांची काही युनियन वगैरे आहे की नाही. त्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "युनियन पर्मनंटवाल्यांची असते ना काका?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. त्याच्या माहितीप्रमाणे जे होते ते त्याने सांगितले होते. तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर पुढची ऑर्डर वाजली आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

त्या कारखान्यात मी अनेक वर्षे युनियनचा खजिनदार होतो.

कामगार संघटनांचे सभासद का घटले, यावर मी आजवर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत आणि छोट्या सभांतून स्वतःही केली आहेत. 1991 नंतरची धोरणे, यंत्रे, न्यायालयांचा बदललेला कल, मालकांची दहशत, पुढाऱ्यांची भांडणे, एकेका कारखान्यात तीन-तीन झेंडे, अशी कारणे आम्ही बोटांवर मोजत असू. त्यांतले एकही कारण खोटे नाही. परंतु गंगाखेडचे ते वाक्य त्यांत कुठेच बसत नव्हते. तो युनियनवर नाराज होऊन गेलेला सभासद नव्हता. मालकाला घाबरून दूर राहिलेलाही नव्हता. त्याच्या समोर कोणी कधी पावतीपुस्तक धरलेच नव्हते. साडेतीन वर्षे माझे मशीन आणि त्याचे मशीन यांत चार हातांचे अंतर होते, आणि पावतीपुस्तक माझ्या कपाटात होते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 1961 साली पाटण तालुक्यातून मुंबईला आल्यावर पहिली सात वर्षे ते बदली होते. त्या दिवसांबद्दल ते क्वचितच बोलत. पण बोलले की सकाळच्या गेटाबद्दल बोलत. पहाटे अंधारात जाऊन उभे राहायचे, आत कोण गैरहजर आहे याची वाट पाहायची, हाक आली तर आत जायचे आणि नाही आली तर डबा तसाच घेऊन खोलीवर परतायचे. न उघडलेला डबा घेऊन परतताना तो जड लागतो, असे ते म्हणत. अशाच एका दिवशी, बदली असतानाच, लाल बावट्याच्या एका कार्यकर्त्याने त्यांच्या नावाची पावती फाडली होती. हातात कायम काम नव्हते, पण सभासदत्व होते. पुढे कितीतरी वर्षांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करा, ही मागणीही त्यांच्या मागणीपत्रात होती. वडील तोवर कायम होऊन चौदा वर्षे झाली होती. तरीही त्या मागणीबद्दल ते जितक्या पोटतिडकीने बोलत, तितके पगाराबद्दल बोलत नसत.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या घरात तो असा संपला, की आईचे डोरले गेले, मग पितळी भांडी गेली आणि 1983 च्या पावसाळ्याआधी आम्ही खोलीला कुलूप लावून गावी गेलो. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. कऱ्हाडला आयटीआय करून 1987 साली मी भोसरीच्या एमआयडीसीत लागलो, तेव्हा वडिलांनी एसटी स्टँडवर एवढेच सांगितले, की काम नीट शीक आणि बाहेरच्या पुढाऱ्याच्या नादी लागू नकोस. दत्ता सामंतांबद्दल त्यांच्या मनात शेवटपर्यंत आदरच होता. 1997 साली डॉक्टरांची हत्या झाली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण मुलाच्या वाट्याला ते दिवस येऊ नयेत, असेही त्यांना वाटत होते. त्या एका संपामुळे माझ्या पिढीच्या किती घरांत असे शब्द उच्चारले गेले असतील, हे मोजण्याचे साधन कोणाकडे नाही. पुण्याच्या पट्ट्यातही भीती होतीच. 1989 साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, कामगारांचे शनिवारवाड्यापुढचे उपोषण पोलिसांनी रातोरात उठवले, तेव्हा आमच्या शॉपमध्ये दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

आमची युनियन अंतर्गत होती, म्हणजे कारखान्यातल्याच कामगारांनी चालवलेली आणि कोणत्याही पक्षाशी न जोडलेली. त्यामुळे ती सुरक्षित वाटत असे. 1994 साली मी खजिनदार झालो, तेव्हा वहीत 486 सभासद होते आणि महिन्याची वर्गणी पाच रुपये होती. पगाराच्या दिवशी पहिली पाळी सुटताना मी गेटाजवळच्या गुलमोहोराखाली लोखंडी स्टूल टाकून बसत असे. कार्बन घातलेले पावतीपुस्तक, शाईचा शिक्का, सुट्ट्या पैशांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा. कूलंटचा वास अंगाला असलेली माणसे एकामागून एक येत, पाचची नोट पुढे करत आणि पावती घेता घेता काहीतरी सांगत. कोणाच्या मशीनचा गार्ड निघालेला असे, कोणाला सुपरवायझरने रजा नाकारलेली असे, कोणाचे घरी जुळत नसे. पाच रुपये नाकारणारेही होते, आणि ते का नाकारतात हे ऐकून घ्यावे लागे. गेल्या वर्षी माझ्या केसमध्ये कोण आले होते, असे एकाने सगळ्यांसमोर विचारले होते, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडे वर्गणी मागण्याआधी आम्हाला त्याची केस हातात घ्यावी लागली होती. दर महिन्याला त्या झाडाखाली युनियनची परीक्षा होत असे.

1998 च्या करारात आम्ही वर्गणी पगारातून परस्पर कापून घेण्याची सोय मान्य करून घेतली. चेक-ऑफ मिळाले याचा आम्हाला अभिमान वाटला. थकबाकी संपली, हिशेब चोख झाला, वर्षाकाठी चांगली रक्कम साठू लागली. मी स्टूल घेऊन बसणे बंद झाले. पगार विभागातून महिन्याला एक यादी आणि एक चेक येऊ लागला. कोण नाराज आहे, कोणाच्या घरी काय चालले आहे, हे आता मला यादीवरून कळणार नव्हते. माझ्या खजिनदारकीतले सर्वांत मोठे नुकसान त्या वर्षी झाले, आणि ताळेबंदात ते नफा म्हणून दिसत होते.

दुसरी गोष्ट इतकी हळूहळू झाली, की तिची सुरुवात कोणत्या दिवशी झाली हे सांगता येत नाही. आधी बाग ठेकेदाराला दिली गेली. मग सिक्युरिटी, मग कँटीन. कँटीनमधले जुने आठ जण निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची मुले आली, तेव्हा युनिट कमिटीच्या बैठकीत तो विषय निघाला होता. उत्पादनाशी संबंध नसलेल्या कामासाठी भांडण कशाला काढायचे, असे म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला. ते शब्द मीच बोललो होतो. त्यानंतर पॅकिंग गेले, मालाची ने-आण गेली, डिबरिंग म्हणजे कापलेल्या भागांच्या कडा साफ करणे गेले. 2008 च्या सुमारास थेट सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मुख्य मशीनवर, कंत्राटी मुले उभी राहिली, तोपर्यंत नाही म्हणण्याची जागा आम्ही मागे सोडून आलो होतो. बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. परंतु त्यासाठी सरकारला अधिसूचना काढावी लागत असे. शिवाय 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात असे ठरवले, की पद्धत बंद केली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. हे आमच्या वकिलांनी समजावून सांगितले, तेव्हा खरे सांगायचे तर आमच्यापैकी कित्येकांना सुटल्यासारखे वाटले.

ठेकेदाराच्या मुलांची ती तऱ्हा, तर सात महिन्यांच्या ऑर्डरवाल्यांची दुसरी. चाकणपासून रांजणगावपर्यंत कोणत्याही मुलाला विचारा, सात महिने म्हणजे काय ते तो सांगेल. 240 दिवस भरले की कायम करण्याचा हक्क निर्माण होतो, म्हणून त्याआधी ब्रेक द्यायचा. मग दुसरा कारखाना, दुसरे गेट, दुसरी खोली. पुढे शिकाऊ म्हणून 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेची मुले आली; ती तर कागदोपत्री कामगारही नव्हती. ज्याला सातव्या महिन्यात जायचेच आहे, तो तीन वर्षांनी होणाऱ्या करारासाठी वर्गणी का देईल? एका खोलीत पाच जण राहतात, पाच ठेकेदारांकडे पाच पाळ्यांत काम करतात आणि एकमेकांना झोपलेलेच पाहतात. युनियनला जी ओळख लागते, ती एकत्र डबा खाण्यातून आणि एकमेकांच्या लग्नाला जाण्यातून तयार होते. तिला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ या मुलांच्या हातून काढून घेतला गेला. वार्षिक उद्योग पाहणीचे आकडे पाहिले तर 2000 च्या सुमारास देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक कंत्राटी होता. आता पाचामागे दोन आहेत. आमच्या पट्ट्यातल्या कित्येक शॉपमध्ये उलटे चित्र आहे, हे शिफ्ट सुटताना गणवेशांच्या रंगांवरूनही कळते. कायम कामगारांचा निळा, कंत्राटींचा करडा. बसही वेगळी, कँटीनची वेळही वेगळी.

आमच्या वहीतल्या 486 नावांचे काय झाले, ते सांगतो. 2001 आणि 2003 साली स्वेच्छानिवृत्तीच्या दोन फेऱ्या झाल्या, त्यांत दीडशेहून अधिक जण गेले. त्यांतले काही खरोखर स्वेच्छेने गेले. बाकीच्यांना मशीनवरून काढून आठ-आठ तास रिकाम्या बाकावर बसवले गेले, तेव्हा त्यांनी सही केली. उरलेले वयाप्रमाणे निवृत्त होत गेले. मी निवृत्त झालो तेव्हा 131 नावे होती. या सगळ्या वर्षांत युनियन सोडतो असे पत्र एकाही सभासदाने दिले नाही. कोणी सोडून गेले नाही आणि तरी युनियन रिकामी झाली. उत्पादन मात्र दुपटीच्या वर गेले होते, म्हणजे माणसे होती. ती आमच्या वहीत नव्हती.

वडील एकदा भोसरीला आले होते. बहुधा 2009 साल असेल. जेवताना त्यांनी विचारले, "तुमच्याकडे बदलीवाले किती?" मी थोड्या अभिमानानेच सांगितले, की आमच्याकडे बदली पद्धत नाही, ठेकेदाराची मुले असतात. त्यांनी घास खाली ठेवला. "मशीन कोणाचं?" मी म्हणालो, "कंपनीचं." "काम कोण सांगतं?" "आमचाच सुपरवायझर." मग ते म्हणाले, "म्हणजे बदलीच की." त्यानंतर त्यांनी विषय वाढवला नाही, पण जेवण झाल्यावर हात धुताना, त्यांच्या पावत्या कोण फाडतं, एवढे विचारलेच. मी कायद्याचे उत्तर दिले. ती मुले कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, त्यामुळे त्यांना सभासद करून घेतले तर मालकाशी करार करण्यासाठी युनियनला जी मान्यता लागते, तिच्या हिशेबात अडचण येते, वगैरे. उत्तर चुकीचे होते असे नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यतेसाठी तीस टक्के सभासद लागत, तेही त्या उपक्रमाच्या कामगारांपैकी. 2020 साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर, एकाहून अधिक संघटना असतील तिथे, हजेरीपटावरच्या एकावन्न टक्क्यांची अट आहे. पण वडिलांनी कायदा विचारलाच नव्हता. त्यांना सकाळच्या गेटावर, अंधारात, कोणीतरी पावती दिली होती. आपल्या मुलाच्या कारखान्यात ती कोण देतो, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

मग 2013 चा तो करार. मागणीपत्र दिल्यापासून चौदा महिने वाटाघाटी चालल्या. शेवटच्या रात्री दोन वाजता व्यवस्थापनाने दोन कागद पुढे केले. एकात कायम कामगारांना तीन वर्षांत मिळून साडेसात हजारांची वाढ होती. दुसऱ्यात एक कलम होते, की कोणत्या कामावर कोणत्या प्रकारचे मनुष्यबळ नेमायचे हा पूर्णपणे व्यवस्थापनाचा अधिकार राहील आणि त्याबाबत संघटना वाद उपस्थित करणार नाही. दोन्ही कागद एकत्रच होते. आम्ही सात जण बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभे राहिलो. कोणाच्या मुलीचे लग्न होते, कोणाचे घराचे कर्ज होते, आणि उद्या सकाळी गेटावर 190 कायम कामगार करार ऐकण्यासाठी उभे राहणार होते. पाच मिनिटांत आम्ही आत गेलो. पानाच्या उजव्या बाजूला खाली, खजिनदार या शब्दावर, माझी सही आहे. दुसऱ्या दिवशी द्वारसभा झाली, गुलाल उडाला आणि मी स्वतः पेढ्यांचे बॉक्स घेऊन शॉपभर फिरलो. गंगाखेडला पेढा मिळाला तो त्याच दिवशी. तेव्हा त्याला महिन्याला आठ हजार मिळत होते, आणि तेच गिअर कापण्याचे मला बत्तीस हजार. पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला आणि तो दिसेनासा झाला. तो कुठे गेला, हे मी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही.

कंत्राटी मुलांची संघटना बांधता येत नाही, ती टिकत नाहीत, असे मी अनेकदा म्हटले आहे, आणि म्हणताना ते मला पटतही असे. परंतु ज्या पुण्यात मी हे म्हणत होतो, त्याच पुण्यात बाबा आढावांनी नाना-भवानी पेठेतल्या हमालांची पंचायत बांधली होती. हमालाला कायम मालक कधीच नव्हता. सकाळी एका गाळ्यावर पोती, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना एकत्र केले, आणि या लढ्यांतून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ नोंदणी करते, व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही भरतात आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मिळतो, मग तो त्या दिवशी कोणाचेही पोते उचलो. 1993 पासून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांचीही पंचायत उभी राहिली. त्यांना तर कामगार म्हणायलाही कोणी तयार नव्हते. या संघटनांचे मोर्चे मी शहरात पाहिले होते, आदराने पाहिले होते. फक्त हमालाच्या डोक्यावरचे ओझे आणि माझ्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा यांचा संबंध मी जोडला नाही. मी पर्मनंट होतो. तो शब्द इतका अंगवळणी पडला होता, की तो कामाच्या अटींचा शब्द आहे आणि माणसाच्या जातीचा नाही, हे विसरायला झाले.

गेल्या आठवड्यात गंगाखेड पुन्हा आला. या वेळी ऑर्डर आमच्या घरची नव्हती, वरच्या मजल्याची होती. उतरताना त्याने आमची बेल दाबली. मी त्याला बसायला सांगितले आणि आधी त्याचे नाव विचारले. त्याने पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. साडेतीन वर्षे शेजारी उभे राहून ते मला ठाऊक नव्हते. करारात काय लिहिले होते, तेही मी त्याला सांगितले. सही कोणाची होती, हेही. तो ऐकत राहिला. माहीत होते, असे म्हणाला. शॉपमध्ये सगळ्यांनाच माहीत होते. बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, बायकोने चहा आणून ठेवला. त्याने चहा घेतला आणि मग हेल्मेट मांडीवर फिरवत सांगितले, की सोमवारपासून पाच किलोमीटरच्या आतल्या फेरीचा दर आठ रुपयांनी कमी केला आहे आणि पुलाखालच्या स्टोअरपाशी थांबणारी मुले चिडली आहेत. दोघांनी दुपारी मोबाइल बंद ठेवले, तर संध्याकाळी त्यांचे खाते बंद झाले.

"काका, युनियन काढायला किती माणसं लागतात?"

मी त्याला 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यातला नियम सांगितला, जो आता 2020 च्या संहितेतही तसाच आहे. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागतात. 2001 च्या दुरुस्तीपासून त्याखेरीज कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी, तेवढे सभासदही दाखवावे लागतात. पण सुरुवातीला सात. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक तो स्वतः. एक त्याच्या गल्लीतला. एक जालन्याचा, ज्याची बायको बाळंतपणाला गेली आहे. एक कॉलेजचा मुलगा, संध्याकाळपुरता येणारा. चौथ्या बोटावर अंगठा ठेवून तो थांबला. बाकीच्यांना तो रोज भेटतो, ते एकमेकांच्या गाडीला किकही मारून देतात, पण नावे त्याला माहीत नाहीत. एकाला सगळे लातूर म्हणतात.

मी आत जाऊन कपाट उघडले. जुन्या पावतीपुस्तकाची शेवटची काही पाने कोरी होती, कार्बन मात्र वाळून गेला होता. मी बाहेर येईपर्यंत त्याचा मोबाइल वाजला होता आणि तो बूट घालत होता. पुलाखाली ही मुले किती वाजता थांबतात, ते मी त्याला विचारून घेतले. चार ते पाच, तो म्हणाला, ऑर्डर कमी असतात तेव्हा.